जुन्या कारागिराचे मोल कसे ठरवावे?

आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना एक प्रश्न वर्षातून एकदा तरी पडतोच. दुकानात वीस-पंचवीस वर्षे काम केलेला मास्तर आता थकला आहे. हात पूर्वीइतका चालत नाही, नजर कमी झाली आहे. त्याला ठेवावे की नाही? ठेवले तर किती मजुरीवर? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण मनाच्या कलाप्रमाणे देतात. कोणी भिडेपोटी ठेवतो, कोणी एका हंगामाचा राग धरून काढून टाकतो. दोन्ही रीती हिशेबाच्या नाहीत.

आम्हीही ही चूक केली आहे. जुन्नरच्या आमच्या दुकानात साठी ओलांडलेले एक कटिंग मास्तर होते. शाळेच्या गणवेशाच्या हंगामात आम्ही रोजचे नग मोजले. जवान कारागिराचे नग जास्त, मास्तरांचे कमी. आम्ही मास्तरांची मजुरी कमी केली. ते एवढेच म्हणाले, "शेठ, तुम्ही नग मोजलेत, चिंध्या नाही मोजल्या." आठ दिवसांत ते मंचरला दुसऱ्या दुकानात गेले. महिनाअखेरीस कापडाचा हिशेब लावला तेव्हा त्यांच्या बोलण्याचा अर्थ कळला.

खेळाच्या बाजारातला धडा

वयस्क माणसाचे मोल उघड्यावर, आकड्यांत ठरते अशी एक जागा आहे, ती म्हणजे खेळाडूंचा लिलाव. नाशिक रस्त्याने आळेफाटा सोडून पुढे गेले की संगमनेर तालुका लागतो. तिथल्या आश्वी खुर्दला १९८८ साली जन्मलेला अजिंक्य रहाणे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. आयपीएलमधला त्याचा चार वर्षांचा हिशेब एखाद्या खातेवहीसारखा वाचावा.

२०२२ : कोलकाता संघाने १ कोटी दिले. ७ सामन्यांत १३३ धावा, १०० चेंडूंमागे वेग १०४. हंगाम दुखापतीने संपला. संघाने त्याला सोडले.

२०२३ : चेन्नईने ५० लाखांना, म्हणजे मूळ किमतीलाच घेतले. धावा ३२६, वेग १७२. संघ विजेता ठरला.

२०२४ : त्याच ५० लाखांत २४२ धावा, वेग १२३.

२०२५ : कोलकात्याने दीड कोटीला घेऊन कर्णधार केले. धावा ३९०, वेग १४८.

आता व्यापाऱ्याच्या रीतीने भागाकार करू. २०२२ मध्ये एक धाव सुमारे ७५ हजारांना पडली, २०२३ मध्ये सुमारे १५ हजारांना, २०२४ मध्ये २१ हजारांच्या आत आणि २०२५ मध्ये सुमारे साडेअडतीस हजारांना. ज्या लिलावात रहाणेला पहिल्या फेरीत कोणी घेतलेही नव्हते, त्याच लिलावात व्यंकटेश अय्यर या तरुण खेळाडूला २३ कोटी ७५ लाख मिळाले. २०२५ च्या हंगामात त्याच्या धावा १४२ झाल्या. एका धावेला पावणेसतरा लाखांच्या आसपास. बाजारभाव वेगळा आणि माणसाचे मोल वेगळे, ते हे असे.

पण इथेच थांबलो तर हिशेब अपुरा राहील. रहाणेच्या ३९० धावा झाल्या तरी त्या वर्षी कोलकाता बाद फेरीत पोहोचला नाही. स्वस्त माल घेतला म्हणजे दुकान चालेलच असे नाही.

एकाच हुन्नराचा माणूस

दुसरे उदाहरण लांबचे आहे, पण कारागिराला जवळचे वाटेल. अमेरिकेच्या फुटबॉलमध्ये एक खेळाडू फक्त चेंडू लाथेने मारून दोन खांबांमधून पाठवण्यासाठी ठेवलेला असतो. बाकी खेळाशी त्याचा फारसा संबंध नाही. आपल्याकडचा काज-बटणवाला जसा एकाच कामाचा, तसा तो. ॲडम विनातिएरी हा असाच खेळाडू. १९९६ ते २०१९ असे २४ हंगाम तो खेळला आणि २६७३ गुणांचा विक्रम केला.

२०१८ मध्ये, ४५ व्या वर्षी, त्याचे २७ पैकी २३ नेम लागले, म्हणजे ८५ टक्के. मालकांनी त्याला पुढे ठेवले, पण करार एकाच वर्षाचा केला. २०१९ मध्ये २५ पैकी १७ च लागले, म्हणजे ६८ टक्के. गुडघा दुखावला होता आणि हंगाम संपण्याआधीच त्याची शस्त्रक्रिया करावी लागली. एका वर्षाचा करार केल्यामुळे मालक बुडाले नाहीत आणि खेळाडूचाही मान राहिला.

अशा माणसाचे नुसते टक्के पाहूनही भागत नाही. जवळचा नेम आणि ५० यार्डांवरचा नेम सारखे नाहीत. सोपे काम ज्याला दिले त्याचे टक्के चांगलेच दिसणार. साधा पायजमा कापणारा आणि शेरवानी कापणारा यांचे नग एका मापाने मोजू नयेत.

हिशेबाचे पाच नियम

एक, तीन वर्षांची वही पाहा. फक्त गेल्या हंगामावर जाऊ नका आणि जुन्या नावावरही जाऊ नका. रहाणेला २०२२ वरून मोजणारा २०२३ ला चुकला, आणि २०२३ वरून मोजणारा २०२४ ला चुकला.

दोन, कामाची अवघडता धरा. अवघड काम कोण करतो आणि ऐन गर्दीत चुकत कोण नाही, याची वेगळी नोंद ठेवा.

तीन, वाचवलेले मोजा. समजा, चांगला मास्तर मांडणी नीट करून एका सदऱ्यामागे १० सेंटीमीटर कापड वाचवतो. दिवसाला २० सदरे म्हणजे रोज २ मीटर. महिन्याचे २५ दिवस धरले तर ५० मीटर. मीटरला १२० रुपये भाव असेल तर ६००० रुपये झाले. आम्ही मास्तरांची जेवढी मजुरी कापली होती, त्याहून ही रक्कम जास्त भरली.

चार, माणूस योग्य जागी आहे का ते पाहा. २०२३ मध्ये रहाणे तोच होता. एक सहकारी आजारी पडल्याने त्याला ऐनवेळी संधी मिळाली आणि वानखेडेवर त्याने २७ चेंडूंत ६१ धावा केल्या. मशीनवर दिवसभर बसणे ज्याला झेपत नाही, तो कटिंगच्या टेबलावर अजून उस्ताद असू शकतो.

पाच, करार वर्षाचा करा आणि दोन भागांत करा. थोडी रक्कम बांधीव, बाकी कामावर. नवख्याला शिकवण्याचा मोबदला वेगळा लिहा. दुखणेखुपणे आधीच विचारा. भिडेने लपवलेले दुखणे मालकाला आणि कारागिराला दोघांनाही महाग पडते.

शेवटी

हे नियम आम्हाला नुकसान झाल्यावर सुचले. मग आम्ही मंचरला मास्तरांच्या घरी गेलो आणि चूक कबूल केली. पूर्ण वेळ येणे त्यांना आता झेपणारे नव्हते. ठरले ते असे : आठवड्यातून दोन दिवस फक्त कटिंग, मजुरी पूर्वीच्या दराने, एस.टी.चे भाडे आमचे, आणि आमच्या पुतण्याला काम शिकवण्याचे पैसे निराळे. वर्षाने पुन्हा बसून बोलायचे, हे दोघांनीही कागदावर लिहून घेतले.

जुन्नर-आंबेगावात असे मास्तर, रंगारी, सुतार, लोहार अजून पुष्कळ आहेत. त्यांना दान म्हणून ठेवू नका आणि ओझे म्हणून काढूही नका. वही उघडा, तीन वर्षांचा हिशेब मांडा आणि मग बोला. मात्र त्या वहीत नगांच्या शेजारी चिंध्यांचाही एक रकाना असू द्या.