डोळा डावा, खांदा उजवा

प्रश्न : मी उजव्या खांद्यावरून ट्रॅप खेळतो. छर्रे सारखे डावीकडे जातात. दस्ता बदलू का? – एक वाचक, बदनापूर

उत्तर : दस्त्याला इतक्यात हात लावू नका, आधी डोळा तपासा. हात लांब करून तळव्यांमधल्या फटीतून दूरचा विजेचा खांब पाहा. उजवा डोळा मिटूनही खांब फटीतच राहिला, तर प्रबळ डोळा डावा. नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं ते रायफलवर. तिला मागेही साइट असते. ट्रॅपच्या शॉटगनला नसते, ते काम डोळाच करतो. डावा प्रबळ निघाला, तर चष्म्याच्या डाव्या काचेवर बाहुलीसमोर धूसर चिकटपट्टीचा तुकडा लावून पाहा. नवखे असाल तर सरळ डावा खांदा धरा. माझा कल तिकडेच. मग दस्ता : गाल टेकताच डोळा नळीच्या मध्यरेषेवर यावा. गालाखालची कड उंच असेल तर छर्रे वर जातात. माप नेमबाजीचं जाकीट घालूनच घ्या, आणि बंदूक रिकामी आहे ना, ते दोनदा बघा.