मुतखड्याच्या काढ्याचा खर्च किती?

मे महिन्यात रत्नागिरीत घामाच्या धारा लागतात, लघवी घट्ट होते आणि कुणाकुणाच्या कमरेतून कळ सुरू होते. मग घरात कुळथाचे कढण शिजते आणि दुकानातून पुनर्नवासव नाहीतर गोखरूचे चूर्ण येते.

मूत्रपिंड धड असेल तर कढण खुशाल प्या. पुनर्नवा, म्हणजे आपली घेटुळी, आणि गोखरू यांना जुन्या वैद्यकात मूत्रल म्हणून मान आहे. पण ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआपच पडतात. भरपूर पाणी पिणाऱ्याचा खडा पडला, तर श्रेय एकट्या काढ्याला देता येत नाही.

आसवाची ४५० मिलीची बाटली दीडशे-दोनशे रुपयांच्या आसपास मिळते. १५ मिली दोन वेळा घेतल्यास ती १५ दिवस पुरते, म्हणजे महिन्याला तीन-चारशे रुपये. त्यात गूळ-साखर असते. मधुमेहींनी लक्षात ठेवावे. खासगी लॅबमध्ये मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी साधारण दोनशेत होते, सोनोग्राफीला हजार-दीड हजार लागतात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या व उपचार मोफत आहेत. कामथे, कळंबणी, दापोलीच्या सरकारी रुग्णालयात आधी केसपेपर काढा.

दोनशे रुपयांची ती तपासणी टाळू नका, कारण धोका तिथेच कळतो. पुनर्नवेत पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंड थकलेले असेल तर ते रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. निरोगी माणसालाही अतिरेक भोवतो. इराणमधल्या एका तरुणाने खडा होऊ नये म्हणून गोखरूचे पाणी रोज दोन लिटर, असे दोन दिवस घेतले आणि त्याचे यकृत व मूत्रपिंड दोन्ही बिघडले. २०१० साली ही नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. भस्म मिसळलेल्या गोळ्यांची मला जास्त काळजी वाटते. २००८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी इंटरनेटवर विकली जाणारी आयुर्वेदिक औषधे तपासली, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले. लेबलवर घटक, परवाना क्रमांक आणि बॅच नसेल तर पुडी घेऊ नका.

‘मुतखडा हमखास विरघळेल’ अशी जाहिरात औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. फसवणूक झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, त्यासाठी पावती जपून ठेवा. थंडी-ताप आला, लघवी अडली किंवा पायावर सूज दिसली तर काढा बंद करून त्याच दिवशी रुग्णालय गाठा, आणि बाटली सोबत न्या.