छोट्या ट्रॅक्टरवरील विजेचा विंच
मांडवीकाठच्या नार्वेसारख्या गावात पावसाळी वाऱ्याने उन्मळलेला माड ओढून काढण्यास छोट्या ट्रॅक्टरच्या मागे बसविलेला विजेचा विंच उपयुक्त ठरतो. तो पातळ पत्र्यावर न बसविता मजबूत सांगाड्यास, मागील आसापेक्षा खालच्या पातळीवर, बोल्टांनी घट्ट जोडावा. ओढ उंचावर लागल्यास पुढील चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर मागे उलटण्याचा व चालकाच्या जिवावर बेतण्याचा धोका असतो.

१२ व्होल्टवर १२०० वॅट शक्ती घेताना १०० अँपिअर प्रवाह वाहतो. छोट्या ट्रॅक्टरचे जनित्र सहसा इतका प्रवाह पुरवू शकत नाही. उरलेला भार बॅटरीवर पडतो. म्हणून इंजिन चालू ठेवून, थांबत थांबत ओढावे. तांब्याची तार जाड असावी व बॅटरीलगत योग्य क्षमतेचा फ्यूज अवश्य बसवावा. ताणलेल्या तारदोराजवळ कोणीही उभे राहू नये.