शेतमालाची पार्सले : टपाल, मोटार की कुरिअर?

आपल्या शेतात पिकलेला जिन्नस अडत्याच्या दुकानी न घालता परस्पर गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचवावा आणि मधल्या हातांत जाणारे चार पैसे आपल्या पदरी पाडावे, ही इच्छा नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील पुष्कळ शेतकऱ्यांच्या मनात मूळ धरू लागली आहे. लातूर जिल्ह्यातील बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच व कास्ती कोथिंबीर यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर पुण्यामुंबईची मंडळी नावानिशी माल मागवू लागली आहेत. उलट दिशेने बियाणे, जिवाणू खते, यंत्रांचे सुटे भाग ही आपल्याकडे पार्सलानेच येतात. असे असूनही पार्सल कोणाच्या हाती द्यावे याचा विचार आपण बहुधा एकाच प्रश्नाने करतो : 'भाडे किती?' हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नव्हे, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे. पहिला प्रश्न असा असावा की, हे पार्सल वेळेवर पोहोचले नाही, किंवा मुळीच पोहोचले नाही, तर काय बुडेल आणि ते कोणाचे बुडेल?

१. अडचण जुनी आहे

लातुरास रेल्वे आली ती १९११ साली. ती बार्शी लाईट रेल्वेची अरुंदमापी गाडी होती. लातूरचा माल कुर्डुवाडीस उतरवून मोठ्या मापाच्या गाडीत पुन्हा भरावा लागे. नांदेडकडे गोदावरी खोऱ्याची मीटरमापी रेल्वे होती, म्हणून मुंबईस जाणाऱ्या मालाची तीच गत मनमाडास होई. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात माल टाकताना पोती फाटत, डबे चेपत आणि कित्येक डाग मागे राहत. आज दोन्ही मार्गांवर मोठ्या मापाचे रूळ झाले आहेत. पण त्या काळाने शिकविलेला धडा कायम आहे : पार्सल जितक्या वेळा हात बदलते, तितक्या वेळा ते हरवण्याची, भिजण्याची व आपटण्याची संधी उत्पन्न होते. खेड्यातून निघालेले पार्सल शाखा डाकघर, तालुका, जिल्हा, छाननी केंद्र आणि पुन्हा उलट क्रमाने दुसऱ्या टोकाचे डाकघर असे फिरते. अंतर मैलांनी मोजण्याऐवजी हातांनी मोजावे, म्हणजे जोखमीचा खरा अंदाज येतो.

२. वाहतुकीची साधने व त्यांचे गुणदोष

(अ) टपाल. हे सर्वांत दूरवर पोहोचणारे साधन होय. जेथे दुसरे कोणी जात नाही तेथे पोस्टमन जातो. स्पीड पोस्ट १ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपालही त्यातच विलीन करण्यात आले आहे. स्पीड पोस्टाने ३५ किलोपर्यंतचे पार्सल पाठविता येते. भाडे ठरलेले असते व पावती पक्की मिळते. उणीव एवढीच की, माल गहाळ झाल्यास भरपाई फार थोडी मिळते. त्याचा विचार पुढे केला आहे.

(आ) एस. टी. व खासगी ट्रॅव्हल्स. संध्याकाळी नांदेडास किंवा लातुरास गाडीत टाकलेला डाग सकाळी पुण्यास उतरतो. मुलांना फराळाचे, पिठाचे डबे याच मार्गाने जातात. हात बदलण्याचा प्रसंग फार थोडा, हा या साधनाचा मोठा गुण. परंतु माल थांब्यावरच उतरतो. घेणारा पहाटे तेथे हजर नसला तर गाडी पुढे निघून जाते. पावतीच्या जागी पुष्कळदा ड्रायव्हरचा फोन नंबर तेवढा मिळतो आणि वाद पडल्यास त्या नंबराने काहीच सिद्ध होत नाही.

(इ) कुरिअर. शहरातून शहरात हे साधन चपळ असते. खेड्याच्या बाबतीत मात्र 'पार्सल तालुक्याला आले आहे, येऊन घेऊन जा' असा फोन येतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. घरपोच सेवेचे पैसे देऊन एक दिवस तालुक्याच्या फेरीत घालविणे, हा खर्च पावतीवर दिसत नाही इतकेच.

(ई) रेल्वे. माल बराच असेल आणि दोन्ही टोकांस स्टेशन जवळ असेल, तरच हे परवडते. स्टेशनापर्यंतची व स्टेशनापासूनची हमाली व गाडीभाडे धरल्यावाचून रेल्वेचे भाडे स्वस्त म्हणू नये.

३. वजन की आकारमान?

कुरिअरवाले पुष्कळदा पेटीची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत मोजून त्यांचा गुणाकार करतात आणि त्यास बहुधा ५००० ने भागतात. येणारा आकडा व प्रत्यक्ष वजन यांपैकी जे अधिक, त्यावर भाडे पडते. उदाहरणार्थ, ४० × ३० × ३० सेंटिमीटरच्या पेटीत तीन किलो कुरडया व पापड भरले तर हिशेब ७.२ किलोचा होतो. म्हणजे आपण चार किलोहून अधिक हवेचे भाडे भरतो! डाळीचे तसे नाही. पाच किलो डाळ २५ × २० × १५ सेंटिमीटरच्या पेटीत बसते, तिचे आकारमानी वजन दीडच किलो येते व भाडे प्रत्यक्ष वजनावर लागते. तात्पर्य, जड व लहान जिन्नस पार्सलास योग्य. हलका व फुगीर जिन्नस पाठविणे असेल तर पेटी मालाच्या मापाची निवडावी. घरात पडलेले मोठे खोके फुकट मिळाले म्हणून वापरू नये.

४. बुडाले तर कोणाचे?

टपालखाते हे सरकारी खाते असल्यामुळे त्याची जबाबदारी प्रथमपासूनच मर्यादित ठेवलेली आहे. १८९८ च्या टपाल कायद्यात तशी तरतूद होती. त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या कायद्यातही, नियमांनी जेवढी ठरविली असेल त्यापलीकडे जबाबदारी नाही, असेच तत्त्व आहे. १९९९ च्या अधिसूचनेने स्पीड पोस्टाचे पार्सल गहाळ झाल्यास भरलेल्या हशिलाच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी ती द्यावी, असे ठरविले होते. म्हणजे ८० रुपये हशील भरलेल्या पार्सलात चार हजारांचा माल असला तरी हाती १६० रुपयेच यावयाचे.

खासगी वाहतूकदार व कुरिअर यांना २००७ चा रस्त्याने मालवाहतूक करण्यासंबंधीचा कायदा लागू पडतो. त्यातही मालाची किंमत आधी लिहून देऊन वाढीव जोखमीचे भाडे भरले नसेल, तर जबाबदारी मर्यादितच राहते. शिवाय माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस दिली नसेल, तर पुढे दावाही चालत नाही. रेल्वेच्या बाबतीत ही मुदत सहा महिन्यांची आहे. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेल्या अटी कोणी वाचीत नाही. परंतु १९९६ साली भारती निटिंग कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सही केलेल्या कुरिअर-पावतीवरील १०० डॉलरची मर्यादा कंपनीवर बंधनकारक मानली. कंपनीचे नुकसान त्याहून कितीतरी मोठे होते. सही करणारा मनुष्य अटी वाचूनच सही करतो, असे कायदा समजतो. तेव्हा किमती मालाची किंमत पावतीवर लिहवून घ्यावी, विमा मिळत असेल तर घ्यावा आणि पावती रक्कम हाती पडेपर्यंत जपून ठेवावी.

५. हिशेब मांडून पाहा

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले घालून पाहावे. समजा, तूरडाळ अडत्याकडे १२० रुपये किलोने जाते आणि गिऱ्हाईक १६० रुपये देते. पाच किलोच्या पार्सलामागे २०० रुपये अधिक मिळतात. त्यांतून बांधणीचे ३० वजा जाता १७० उरतात. २०० रुपये भाडे गिऱ्हाईक देते असे धरू. वीस पार्सले सुखरूप पोहोचली तर ३४०० रुपये फायदा. आता एक पार्सल बुडाले. गिऱ्हाइकास डाळीचे व भाड्याचे पैसे परत करावे लागले. आपली बाजारभावाने ६०० रुपयांची डाळ, ३० रुपयांची बांधणी व २०० रुपयांचे भाडे असे ८३० रुपये गेले. उरलेल्या एकोणीस पार्सलांचे ३२३० मिळाले, म्हणजे हाती २४०० राहिले. एकाच पार्सलाने हजार रुपये नेले! तीन बुडाली तर ४०० रुपये उरतात आणि चार बुडाली तर पदरचे ६०० रुपये जातात. त्यापेक्षा अडत्या काय वाईट?

याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. प्रत्येक पार्सलाच्या बांधणीवर आणखी २० रुपये खर्च केले तर वीस पार्सलांस ४०० रुपये लागतात. तेवढ्याने एक जरी पार्सल वाचले तरी ६०० रुपयांचा फायदा झाला. भाड्यात पाच रुपये वाचविण्यापेक्षा बांधणीत वीस रुपये घालणे शहाणपणाचे ठरते, ते असे.

अमेरिकेत १ जानेवारी १९१३ पासून पार्सल-टपाल सुरू झाले आणि पुढील वर्षी शेतकऱ्यांनी अंडी, लोणी, भाजीपाला थेट शहरवासीयांस टपालाने पाठवावा अशी योजना सरकारने काढली. आरंभी उत्साह मोठा होता. परंतु माल प्रत्येक वेळी एकसारखा नसे, पेट्यांचा व बांधणीचा खर्च पडे आणि पत्रव्यवहार सांभाळणे शेतकऱ्यास जड जाई. योजना हळूहळू मागे पडली. टपालाने माल पोहोचतो, पण विश्वास पोहोचविण्याचे काम मालधन्यासच करावे लागते. आपल्याकडे १८७७ साली सुरू झालेल्या व्ही. पी. ने विश्वासाचा प्रश्न एका परीने सोडविला, कारण तीत पैसे माल हाती आल्यावर द्यावयाचे असत. कुरिअरची 'माल मिळाल्यावर रोख' ही पद्धत त्याच तत्त्वावर आहे. मात्र गिऱ्हाइकाने पार्सल नाकारले तर जाण्यायेण्याच्या भाड्याचा भार विकणाऱ्यावर पडतो, हे विसरू नये. नव्या गिऱ्हाइकाकडून निदान भाडे तरी आगाऊ घ्यावे.

६. बियाणे : येथे किंमत वेळेची आहे

डाळ चार दिवस उशिरा गेली तर गिऱ्हाईक कुरकुरते. बियाणे चार दिवस उशिरा आले तर वापसा निघून जातो. सोयाबीनच्या बियाण्याची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याचे टरफल नाजूक असल्यामुळे पोते उंचावरून आपटले की दाणा वरून चांगला दिसला तरी त्याची उगवण घटते. वाटेत पोते किती वेळा आपटले हे कोणी सांगणार नाही. म्हणून पार्सलाने आलेल्या बियाण्यातील शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण अवश्य पाहावी. सत्तरांहून कमी दाणे उगवले तर त्या प्रमाणात बियाणे अधिक वापरावे. फारच कमी उगवले तर पिशवी, लेबल व पावती राखून विक्रेत्याकडे लगेच लेखी तक्रार करावी. जिवाणू खते तर सजीव असतात. ऊन्हात उभ्या असलेल्या गाडीत ती निकामी होतात. ती शक्यतो स्वतः जाऊन आणावी, अथवा रात्रीच्या गाडीने मागवावी. कीटकनाशके व ज्वालाग्राही पदार्थ साध्या पार्सलातून मुळीच पाठवू नयेत.

७. बांधणी व पत्ता

डाळ उन्हात चांगली वाळवून, गार करून मग भरावी. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर कापडी पिशवी व बाहेर पुठ्ठ्याची पेटी असे तीन थर असावेत. पावसाळ्यात गूळ पाठवू नये हे उत्तम. हळदीबरोबर दुसरा खाद्यजिन्नस एका पेटीत भरू नये, कारण वास लागतो. तेलाची बाटली भुश्यात बसवावी, म्हणजे फुटली तरी तेल शोषले जाते. पत्त्याची एक चिठ्ठी पेटीच्या आतही ठेवावी. वरचे लेबल निघून गेले तर तीच उपयोगी पडते.

पत्त्यात 'मु. पो.' याचा अर्थ नीट ओळखावा. मुक्काम व पोस्ट वेगवेगळी असतील तर दोन्ही लिहावी. पिंपळगाव या नावाची गावे किती आहेत ते सांगणे नको. पिनकोडाची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेने १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. तिचा उपयोग मोठा, पण आपल्या भागात तिच्यात एक खड्डा आहे. लातूरकडील पिनकोड ४१३ ने सुरू होतात आणि नांदेड, परभणी, बीड यांकडील ४३१ ने. अहमदपूर ४१३५१५, तर परळी ४३१५१५. उदगीर ४१३५१७, तर अंबाजोगाई ४३१५१७! दोन आकडे उलटे पडले की पार्सल दुसऱ्या जिल्ह्यात गेलेच. प्रस्तुत लेखकाने ऐन पेरणीत उदगीरच्या मेहुण्यांस जिवाणू खताची बाटली अशीच अंबाजोगाईस धाडली होती. ती फिरून उदगिरास पोहोचली तेव्हा त्यांची पेरणी उरकली होती. यात दोष टपालाचा नव्हता, लेखकाच्या लेखणीचा होता. म्हणून पिनकोड लिहिल्यावर तो मोठ्याने वाचावा आणि घेणाऱ्याचा फोन नंबर त्याखाली अवश्य लिहावा.

सारांश

ज्या मालाची किंमत वेळेत आहे तो कमीत कमी हात बदलणाऱ्या साधनाने पाठवावा. ज्याची किंमत पैशात आहे तो किंमत लिहवून, विमा घेऊन पाठवावा. ज्यास दोहोंची फारशी घाई वा जोखीम नाही, तोच केवळ स्वस्त भाड्याने पाठवावा. मातीचा नमुना टपालाने जाऊ द्या, डाळ पक्क्या पावतीने, आणि पेरणीचे बियाणे शक्य तर आपल्या डोळ्यांसमोर. हा विवेक ज्याने केला त्यास परस्पर विक्री लाभेल. ज्याने केला नाही, त्यास अडत्याकडे परत जावे लागेल आणि दोष मात्र तो पोस्टमनला देत बसेल.