कुलूप आणि किल्ली एकाच पेटीत

एखाद्या निष्णात कारागिराच्या हातावर विश्वास बसावा तसा माझा एका कंपनीच्या कौशल्यावर बसला होता; तिचा ब्राउझर संगणकावर, तिचाच फोन खिशात, तिचेच घड्याळ मनगटावर, असा अकरा वर्षांचा संसार मी निष्ठेने केला, आणि संगणकावर वाचता वाचता ठेवलेली खूण क्षणार्धात फोनवर हजर होई तेव्हा वाटणारे समाधान मी आजही नाकारीत नाही. वस्तू उत्तम होत्या आणि माझे प्रेमही खरे होते.

गेल्या आषाढात वरंध घाटातून परतताना माझा फोन ओढ्याच्या पाण्यात वाहून गेला. संगणक त्याच महिन्यात नवा घेतलेला. त्याने खात्याचा पासवर्ड मागितला, तो जुन्या ब्राउझरच्या हवाली केल्यामुळे मला पाठ नव्हता, आणि नवा करावयाचा तर ओळख पटविणारे अंक हवेत. सिमकार्डाची नवी प्रत तिसऱ्या दिवशी मिळाली. परंतु ते अंक सिमवर येत नव्हते, वाहून गेलेल्या फोनमधील ॲपमध्येच तयार होत होते. मी अर्ज केले, ओळखपत्रांच्या नकला रुजू केल्या. उत्तर आले की दस्तऐवज कूटबद्ध असून त्यांची किल्ली केवळ खातेदाराजवळ असते, ती कंपनीच्या दप्तरी नसते. हे तत्त्व योग्यच आहे. किल्ली माझी होती आणि ती मी कुलपाबरोबर एकाच पेटीत ठेवली होती.

म्हणून ज्यांचे एखाद्या कंपनीवर असेच प्रेम आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की दुहेरी सुरक्षा सुरू करतानाच खाते परत मिळविण्याचे जे संकेतांक दिले जातात ते कागदावर उतरवून एक प्रत आपल्या बँकेच्या पासबुकात आणि दुसरी परगावच्या विश्वासू नातलगाकडे ठेवावी. मुख्य खात्याचा पासवर्ड तरी कोणत्याही ब्राउझरवर न सोपविता स्वतः पाठ असावा. इतर पासवर्डांची फाइल ब्राउझरमधून काढता येते, मात्र ती कोणालाही वाचता येईल अशा साध्या अक्षरांत असते, तेव्हा ती कूटबद्ध करूनच जपावी. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला नियम तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत घराबाहेर असा आहे. तो मला ठाऊक होता, आणि माझ्या तिन्ही प्रती एकाच खात्यात होत्या.

कंपन्यांचे मार्गही पालटतात. नॉर्वेच्या ऑपेराने 2013 साली आपले प्रेस्टो हे स्वनिर्मित इंजिन सोडून क्रोमियमचा आधार घेतला, तेव्हा त्या नव्या ब्राउझरच्या पहिल्या आवृत्तीत बुकमार्कांचीदेखील सोय नव्हती. ज्यांनी त्यांची फाइल अगोदर काढून ठेवली त्यांची वर्षांची जमवाजमव शाबूत राहिली.

माझीही तशी एक फाइल वाचली. 2016 साली सहज पेन ड्राइव्हमध्ये टाकलेले बुकमार्क मी दुसऱ्याच कंपनीच्या ब्राउझरमध्ये भरले आणि ते बिनतक्रार उघडले. कुतूहलाने फाइल अक्षरशः वाचू गेलो, तर पहिल्याच ओळीत नेटस्केपचे नाव. 1994 साली अवतरलेल्या आणि 2008 च्या मार्चमध्ये ज्याचा सांभाळ संपुष्टात आला त्या ब्राउझरची ही मांडणी आजही सर्वांना वाचता येते, कारण ती उघडी आहे. आणि तेव्हापासून नवी वस्तू घेताना मी दुकानदाराला प्रथम हेच विचारतो, की यातून माझे सामान बाहेर कसे काढावयाचे.

जे परत आले नाही ते वडिलांच्या आवाजातील तेवीस ध्वनिमुद्रणे. आजोबांच्या वतनाचे मोडी कागद ते एकेक करून वाचून दाखवीत आणि मध्येच थांबून एखाद्या शब्दाचा अर्थ सांगत. कागद पेटीत सुरक्षित आहेत, परंतु ते वाचणारे घरात आता कोणी नाही. म्हणून मी रोज सकाळी तासभर मोडी शिकतो आहे.