समुद्रात खाली काही चमकलं तर

गोव्याला ग्रँड आयलंडजवळ डुबकी मारायचं ठरवलंस आणि तेव्हापासून तुझी झोप उडालीय, बरोबर ना? एकीकडे जीव गुदमरायची भीती आणि दुसरीकडे मनात तेच, खाली एखादी मोहरांची पेटी दिसली तर? लाजू नकोस गं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याही डोक्यात हेच होतं. आपल्या बीडपासून समुद्र इतका लांब, की त्याच्या पोटात काय काय असेल याची स्वप्नं आपल्यालाच जास्त पडतात.

आधी भीतीचं बघ. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली पोर तू, तुला जमणार. पहिल्या डुबकीला इन्स्ट्रक्टर तुझ्यासोबतच असतो. फक्त विहिरीतली एक सवय सोड, श्वास रोखून धरायचा नाही. वर येताना छातीतली हवा फुगते, म्हणून सावकाश श्वास चालूच ठेवायचा. कान दुखायच्या आधीच नाक दाबून, तोंड न उघडता नाकातून हळूच हवा सोडल्यासारखं कर. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरूच नकोस, पैसे गेले तर जाऊ देत. आणि अंगठा दाखवू नकोस. पाण्याखाली अंगठा म्हणजे ‘वर चला’. ‘सगळं ठीक’ म्हणायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. मी मजेत अंगठा दाखवला, आणि इन्स्ट्रक्टरने मला लगेच वर आणलं.

आता खजिन्याचं. खरं सांगू का, गोव्याच्या समुद्रात बुडालेली जहाजं खरोखरच आहेत. मुरगावजवळच्या सुंची खडकापाशी सतराव्या शतकातलं पोर्तुगीज जहाज फुटलं होतं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांना तिथे हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे आणि तोफा मिळाल्या. सेंट जॉर्ज खडकापाशी तर काय मिळालं, सांग बघू? कौलं! बासेल मिशनच्या कारखान्याचा ठसा आणि १८६५ साल असलेली घराची कौलं. मला सोन्यापेक्षा ती कौलंच जास्त आवडली. कुणाच्या तरी घरावर चढायला निघाली होती आणि पोचलीच नाहीत.

म्हणून सांगते, काही दिसलं तर हात लावू नकोस. कोणतं भांडं कशाशेजारी, कोणत्या बाजूला पडलंय, यावरूनच जहाज कुठून आलं आणि कसं फुटलं ते कळतं. एक वस्तू उचलली की तेवढी गोष्ट पुसली गेली. शिवाय वर आणलेली वस्तू टिकत नाही. ओल्या भिंतीला मीठ फुटून पोपडे निघतात ना, तसंच खापराचंही होतं. मुरलेलं मीठ सुकताना फुगतं आणि तडे जातात. लोखंड हवेत भराभर गंजतं. प्रयोगशाळेत या वस्तू महिनोन्महिने गोड्या पाण्यात ठेवून मीठ काढतात. आणि घासायचं तर नावच नको. आजीची तांब्याची जुनी नाणी मी एका दिवाळीला चिंच लावून लख्ख केली. नाणी चमकली, पण त्यांच्यावरची अक्षरं गेली. त्याची हळहळ मला अजून आहे.

कायद्याची धास्ती घेऊ नकोस, पण माहीत असू दे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ती परदेशी नेता येत नाही, परवान्याशिवाय तिचा धंदा करता येत नाही. बुडालेल्या जहाजाचा माल हाती लागला तर सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला कळवावंच लागतं. आपल्याकडे शेतात नांगराला हंडा लागला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना सांगावं लागतं, त्यातलाच प्रकार. मोठमोठ्यांचीही सुटका नाही बघ. २००७ मध्ये ओडिसी नावाच्या अमेरिकी कंपनीने अटलांटिकच्या तळातून एका स्पॅनिश जहाजाची जवळपास सहा लाख नाणी वर काढली. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०१२ मध्ये सगळी स्पेनला परत द्यावी लागली.

मग तू काय करायचं? इन्स्ट्रक्टरला बोटाने दाखव, त्याच्याकडे कॅमेरा असेल तर तिथल्या तिथे फोटो काढून घे. नावेत आलीस की नावाड्याकडून जागा मोबाइलवर टिपून घे आणि दोना पावलाच्या त्या संस्थेला कळव. एवढं केलंस की तुझं काम झालं.

आणि काहीच दिसलं नाही म्हणून हिरमुसून येऊ नकोस. परत आलीस की आपण दोघी खजाना विहिरीवर जाऊ. सोळाव्या शतकात सलाबतखानाने बांधलेली, जमिनीखालून पाणी आणणारी आणि पुढे शेतांना नेणारी. बीडमध्ये राहून तू ती अजून नीट पाहिली नाहीस, मला माहीत आहे. रविवारी सकाळी लवकर निघू, उन्हाच्या आत. डबा मी आणते.