भांडवल संपायच्या आत शिका: पोकर टूर्नामेंटची गणितं तुमच्या धंद्यासाठी

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, सर, पत्ते खेळायला लावता की काय? नाही. पैसे लावून ऑनलाइन खेळ चालवायला देशात 2025 च्या कायद्याने बंदी आहे, आणि धंद्याचं भांडवल पत्त्यावर लावायचं नसतंच. आपल्याला फक्त त्यामागचं डोकं घ्यायचंय.

नो-लिमिट म्हणजे काय? कधीही, एकाच डावात, समोरच्या सगळ्या चिप्स लावायची मोकळीक. आणि फ्रीझआउट टूर्नामेंटमध्ये चिप्स संपल्या की तुम्ही बाहेर, पुन्हा एंट्री नाही. बारामतीत किंवा इंदापुरात बचत मोडून पहिलं दुकान टाकणाऱ्याची अवस्था नेमकी हीच असते.

1. चिप्स नका मोजू, दम मोजा.
समजा तुमच्याकडे 10,000 चिप्स आहेत. सक्तीने लावायची मोठी रक्कम, म्हणजे बिग ब्लाइंड, 100 आहे. तुमच्याकडे 100 ब्लाइंडचा दम झाला. ठराविक वेळाने ब्लाइंड वाढत जातो. तो 1,000 झाला की त्याच 10,000 चिप्स फक्त 10 ब्लाइंड उरतात. काही हरला नाहीत, तरी छोटे झालात!

धंद्यातला ब्लाइंड म्हणजे भाडं, पगार, लाईट बिल, हप्ता. हातात 3 लाख आणि महिन्याचा बांधील खर्च 30,000 असेल, तर दम 10 महिन्यांचा. भवानीनगर किंवा माळेगावला कारखान्याजवळ चहा-नाष्ट्याचं हॉटेल टाकायचंय? गाळपाच्या महिन्यांत बैलगाड्या, ट्रॅक्टर, गर्दी. पण हंगाम संपला तरी भाडं थांबत नाही. म्हणून दम मोजताना हंगामाबाहेरचे महिने धरूनच मोजा.

2. शेवटी बोलणाऱ्याला जास्त दिसतं.
पोकरमध्ये ज्याची पाळी शेवटी, त्याला बाकीच्यांच्या चाली आधी दिसतात. याला पोझिशन म्हणतात. तेच पत्ते, पण जागा चांगली असली की किंमत वाढते. तुम्हीही गाळा घेण्याआधी आठवडाभर त्या रस्त्यावर उभे राहा. सकाळी किती गिऱ्हाईक, संध्याकाळी किती, शेजारचा काय भावाने विकतो, हे वहीत लिहा. ही माहिती फुकट मिळते. डिपॉझिट भरल्यावर तीच महाग पडते.

3. जोखीम आकड्यात मांडा.
टेबलावर 900 आहेत, समोरच्याने 300 लावले, तुम्हालाही 300 लावायचेत. एकूण 1,500 होतील. 300 भागिले 1,500, म्हणजे 20 टक्के. जिंकायची शक्यता त्याहून जास्त वाटली, तरच लावायचे.

आता गणपतीत मोदकांसाठी 20,000 चा माल भरायचाय. खपला तर 50,000 हातात येणार, नाही खपला तर सगळा वाया. 20 भागिले 50, म्हणजे 40 टक्के. स्वतःला विचारा, शक्यता खरंच 40 च्या वर आहे का? आधी ऑर्डर घेतल्या असतील तर उत्तर सोपं होतं.

4. गणित बरोबर असलं तरी सगळं लावू नका.
टूर्नामेंटमध्ये चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षीस दुप्पट होत नाही, पण शून्य झाल्या तर घरी जावं लागतं. म्हणजे गमावलेली चिप कमावलेल्या चिपपेक्षा महाग. ज्या एका डावाने दुकानाला कुलूप लागेल, तो कितीही गोड वाटला तरी छोटा करून खेळा. 20,000 ऐवजी 8,000 चा माल भरा.

5. निकाल आणि निर्णय वेगळे ठेवा.
सुरुवातीलाच सगळ्या चिप्स लागल्या, तर एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीपुढे 100 पैकी साधारण 82 वेळा जिंकते. 18 वेळा हरते, आणि त्यात खेळाडूची काही चूक नसते. अवकाळी पावसाने माल भिजला, तर निर्णयच चुकला असं लगेच समजू नका. उलट, नशिबाने फायदा झाला म्हणून चुकीचा निर्णय शहाणा ठरत नाही. शिकणारे खेळाडू डाव संपल्यावर आपल्या चाली तपासतात. रागाच्या भरात पुढचा डाव मोठा लावणारा लवकर उठतो.

या आठवड्याचा गृहपाठ: एक वही घ्या. पहिल्या पानावर दोनच आकडे लिहा: हातातली रक्कम आणि महिन्याचा बांधील खर्च. भागाकार करा. उत्तर 6 च्या खाली आलं, तर दुकानाचा बोर्ड रंगवायला टाकण्याआधी खर्च कमी करा. टेबलावर टिकून राहिलात, तर चांगले पत्ते येण्याची वाट बघता येते.